डॉल्फिनच्या हातचा हार

अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या मराठी मंडळात कोणी कोणासाठी काय केलं, याचा जमाखर्च सुलेखाला तोंडपाठ होता. दीपाच्या डोहाळजेवणाला आपण परातभर नारळीभात नेला आणि दीपाने नुसत्या 'थँक्यू'वर भागवलं, हे त्यात होतं. लताने मुलाच्या मेडिकलच्या अॅडमिशनचे पेढे वाटताना, "निधी काय करते गं सध्या? अजून माशांना खायला घालते?" असं विचारलं होतं, तेही होतं. त्या पेढ्याची परतफेड व्हायची होती.

संधी आली २००६च्या जुलैत. लताचे यजमान रवींद्रराव, म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, साठीचे झाले. बँक्वेट हॉल आणि कराओकेला सगळेच विटले होते. सुलेखाने सुचवलं, आमची निधी ज्या मरीन पार्कात ट्रेनर आहे, तिथेच साठी करू. तिथे बर्थडे पॅकेज मिळतं. डॉल्फिन पाण्यातून उसळी घेऊन काठावर येते आणि उत्सवमूर्तीच्या गळ्यात प्लॅस्टिकचं कडं घालते.

"प्लॅस्टिकचं कशाला?" लता म्हणाली. "डेव्हन अॅव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून झेंडूचा हार आणू. जरीचा."

डॉल्फिनच्या हातचा हार! डॉल्फिनला हात नसतात, ही बारीकसारीक अडचण कोणी काढली नाही. पुण्यातल्या नातेवाइकांना सीडी पाठवायचीही ठरली.

पार्क होतं मक्याच्या शेतांच्या मधोमध. समुद्र तिथून कोणत्याही दिशेला दिवसभर ड्राइव्ह केल्याशिवाय सापडला नसता. बसमधून उतरून मंडळ प्रेक्षकांच्या स्टँडमध्ये पहिल्या रांगांत बसलं. सुलेखाचा नवरा कृष्णा कॅमकॉर्डर घेऊन कोपऱ्यात उभा राहिला. सुलेखा पैठणी सावरत, हाराचा डबा घेऊन निधीला शोधत मागच्या बाजूला गेली.

मागे एक लहान टाकी होती. तिच्या काठाशी निधी उकिडवी बसली होती. टाकीत पर्ल नावाची डॉल्फिन भिंतीकडे तोंड करून, न हलता तरंगत होती.

"अगंबाई, किती गोड हसतेय गं ही!"

"ती हसत नाहीये, आई. तिचा चेहराच तसा आहे. मेली तरी अशीच दिसेल."

"शुभ दिवशी काय बोलतेस!"

"तिला अल्सर आहे. स्ट्रेसमुळे. आम्ही माशाच्या कल्ल्यात गोळ्या भरून देतो. परवापासून ती तेही घेत नाहीये."

"माशाला अल्सर?"

"शी इज नॉट अ फिश, आई!"

"बरं बाई, नाही. डॉक्टरला दाखवलं का?"

"डॉक्टर म्हणते रेस्ट. मॅनेजर म्हणतो वीकेंड." निधीने डबा उघडला आणि हाराकडे बघतच राहिली. "हे तिच्या तोंडात द्यायचं? यात तार आहे. जरीचा धागा आहे. गिळलं तर ती मरेल. तुम्हाला कोणालाच सुचलं नाही?"

सुचलं नव्हतं. अख्ख्या मंडळात इंजिनियर पोत्याने होते, पण हार म्हणजे शुभच, यापुढे कोणाची अक्कल गेली नव्हती.

तेवढ्यात मॅनेजर आला. उंच, हसतमुख. स्टँड भरलाय, हार नको तर कडं वापरू, पण पर्लला बाहेर घे, असं तो निधीला म्हणाला.

"नाही घेणार."

"मग दुसरं कोणी घेईल. तू बॅज इथेच ठेवून जा." आणि सुलेखाकडे वळून, तेच हसू तसंच ठेवून, "मॅम, तुम्ही जाऊन बसा. शो वेळेवर होईल."

निधीने बॅज काढून ठेवला, पण ती टाकीपासून हलली नाही.

सुलेखाचं लक्ष पर्लच्या त्या हसऱ्या जबड्यावर होतं. तिला कृष्णा आठवला. २००२ साली टेलिकॉम कंपनीने त्याला काढलं, तेव्हा तो कित्येक दिवस टाय लावून घराबाहेर पडायचा आणि लायब्ररीत जाऊन बसायचा. त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत सगळ्यात खड्या आवाजात आरती त्यानेच म्हटली होती. "तुझा कृष्णा कसा नेहमी मजेत असतो गं," असं लता म्हणालीही होती. अॅसिडिटीच्या गोळ्या सुलेखाला त्याच्या कोटाच्या अस्तरात सापडल्या, त्या नंतर.

ती बाहेर गेली, पण जागेवर जाऊन बसली नाही. शोच्या मोठ्या टाकीत, पाण्यालगत एक निळा, उतरता कट्टा होता. डॉल्फिन उसळी घेऊन त्यावरच यायची. सुलेखा त्याच्या बरोब्बर मधोमध, पैठणीसकट, पाण्यात पाय सोडून बसली.

स्टँडमध्ये आधी टाळ्या पडल्या. पॅकेजचाच भाग असेल, असं लोकांना वाटलं. मग म्युझिक बंद झालं.

लता लगबगीने काठाशी आली. "सुलेखा, ऊठ. लोक बघतायत!"

"बघू देत. बघायलाच आलेत ना."

"अगं, ह्यांची साठी आहे!"

"रवींद्ररावांना उदंड आयुष्य लाभो. ती डॉल्फिन आजारी आहे, हसतेय असं नुसतं दिसतं. ती आज उडी मारणार नाही."

"एका माशापायी तू आमचा प्रोग्रॅम—"

"मासा नाही ती!" सुलेखा इतकी जोरात ओरडली, की मागच्या टाकीपाशी निधीलाही ऐकू गेलं.

मग रवींद्रराव आले. अध्यक्षांचा शब्द मंडळात कोणी खाली पडू देत नसे. "सुलेखा, तू बुकिंग केलंस, तूच असं करतेस? मंडळाची शोभा होते."

"बुकिंग केलं ही माझी चूक. म्हणून मीच बसले. तुम्हाला भिजायला नाही सांगितलं."

मॅनेजर सिक्युरिटीचा माणूस घेऊन आला. कट्ट्यावर बाहेरचं कोणी असेल तर शो करता येत नाही, हा त्यांचाच नियम होता. तो चौथ्यांदा 'प्लीज' म्हणाला, तेव्हा प्लीजमधली साखर पार उतरलेली होती. त्याने कृष्णाला कॅमेरा बंद करायला सांगितलं.

कृष्णाने तो बंद केला नाही. रवींद्ररावांच्या हातात दिला. "इकडेच धरा, रवींद्रराव. लाल दिवा चालू राहू दे." मग बूट काढले, पँट दुमडली आणि बायकोशेजारी जाऊन बसला.

"मीपण हसत होतो, लता," तो म्हणाला. "नोकरी गेली होती तेव्हा. गोळ्या खाऊन आरती म्हणत होतो. तुला मजेत दिसलो ना?"

स्टँडमध्ये कोणी आपलं पाकीट चाचपलं, कोणी बुटांकडे बघत राहिलं. त्या साली नोकरी गमावून हसणारा कृष्णा एकटाच नव्हता. रवींद्ररावांनी कॅमेरा खाली घेतला नाही.

दुपारचा शो कॅन्सल झाल्याचं लाउडस्पीकरवरून सांगितलं, तेव्हा बाकीच्या प्रेक्षकांनी हुर्यो केली. सिक्युरिटीने सुलेखा, कृष्णा आणि निधी, तिघांना गेटबाहेर काढलं आणि पार्कात पुन्हा पाऊल टाकायला बंदी असल्याचं बजावलं.

ऊन रणरणत होतं. निधीचा चेहरा रडवेला होता. "आई, एकच शो थांबला. उद्या ते परत तिला बाहेर काढतील. आणि आता मी आत नाहीये."

"उद्या किती वाजता असतो?"

"अकरा. पण आपल्याला आत घेणार नाहीत."

सुलेखाने पैठणीचा काठ पिळला. पाणी डांबरावर पडलं आणि लगेच सुकलं.

"आत कशाला जायचं? तिकिटाची रांग बाहेरच लागते ना? रस्ता काही त्यांच्या बापाचा नाही. तू रांगेतल्यांना इंग्लिशमध्ये सांग, अल्सर म्हणजे काय ते. मराठी माणूस भेटला तर माझ्याकडे पाठव." मग ती कृष्णाकडे वळली. "मोटेल बघ इथलं एखादं. आपण बसने परत जात नाही."