झाकून पाठवलेला कुसकुस

वाफेवरच्या भांड्याचं झाकण थडथडलं आणि उल्फा दचकून जागी झाली. धाकट्याला पाजता पाजता तिचाच डोळा लागला होता. अंगण सुनं होतं. प्रचारभर तिथं बायकांचा राबता, आणि आज चिटपाखरू नाही. उद्या नगरपालिकेचं मतदान. आज प्रचार बंद. पत्रक वाटताना कुणी सापडलं तर पॅनेलच बाद व्हायचं.

पॅनेल अपक्ष होतं, आणि उल्फानं ते बायकांच्या जिवावर उभं केलं होतं. गावच्या बैठका कॉफीच्या दुकानात चालत. तिथं बायका फिरकत नसत. मग तिनं रव्याचं पोतं अंगणात आणून टाकलं आणि निरोप धाडला, कुसकुस वळायला या. रव्याचे बारीक दाणे वळून वाळवायचे, वर्षाच्या बेगमीचं काम, त्याला नाही कोण म्हणेल? हात चालू लागले तशी तोंडं सुटली. बंद पडलेल्या प्रसूतिगृहाबद्दल ज्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता, त्या दारोदार जायला उठल्या. कुणी कचरली की उल्फा एवढंच सांगायची, रिकाम्या हातानं जाऊ नका, शेजारणीसारख्या जा.

ती स्वयंपाकघरात आली. जोहरा खाल्ती, कार्यकर्त्यांमधली सगळ्यांत थोरली, सगळ्यांची मावशी, वाडगे भरत होती. कुसकुस, त्यावर भोपळा नि चणे, आणि माश्या बसू नयेत म्हणून वरून जाड, चकचकीत कागद.

कागदावर पॅनेलचं चिन्ह होतं.

"खाल्ती, हे काय केलंस?"

"काय केलं? वळलेला उरला होता, तो शिजवला. कागदही उरलेच होते."

"कुणाकुणाकडं गेले?"

"अख्ख्या गल्लीत. वास सुटल्यावर एखादं घर वगळायचं का? वर गेल्यावर जाब कोण देणार?"

"हाज्जा जुबैदांकडंही?"

"त्यांच्याकडं तर आधी. वयाचा मान आहे बाई."

हज करून आलेल्या हाज्जा जुबैदा समोरच राहत. विरोधी पॅनेलचा म्होरक्या त्यांचा मुलगा.

उल्फाला स्वतः जायची सोय नव्हती. आज तिनं कुणाच्या दारात नुसतं उभं राहणं म्हणजे प्रचारच. तिनं पॅनेलमधल्या सबीहाला फोन केला, वाडगे तेवढे मागून आण म्हणून विनवलं. सबीहा हबकलीच. "दिलेलं भांडं मागायला जाऊ? त्यापेक्षा आपण पडलो तरी चालेल."

तिचंही खरं होतं. भांडं शेजारणीनं आपल्या मर्जीनं परत करायचं, तेही काहीतरी घालून. मागून आणलं तर नातंच तुटलं. वाट बघण्यावाचून इलाज नव्हता.

वाडगे परत येऊ लागले. तिची सहा वर्षांची मलाक दारात बसून एकेक आत आणत होती. कुणी ऑलिव्ह घातले होते, कुणी अंडी, कुणी डाळिंब. तळाशी कागद, तेलकट, नीट घडी घातलेला. उल्फा तो उचलून थेट जाळावर धरी आणि पुन्हा दाराकडं कान लावी.

जोहरा खाल्ती कोपऱ्यात ओट्याची एकच जागा पुसत राहिली होती. "माझ्यापायी बुडालं म्हण एकदाचं," ती पुटपुटली. "जन्मात कुणाला काही सांगायला गेले नव्हते मी. तूच नेलंस."

आता एक शब्द लागला, तर ही बाई पुन्हा कुणाच्या उंबऱ्याशी उभी राहायची नाही. उल्फानं भांड्यातला घासभर कुसकुस तोंडात टाकला.

"मीठ छान पडलंय, खाल्ती."

खाल्तीनं पदरानं डोळे टिपले.

उन्हं भिंतीवर चढली तरी समोरचा वाडगा येईना. मग समोर मोटार थांबल्याचा आवाज झाला, हाज्जांच्या मुलाचं बोलणं ऐकू आलं, दार लागलं. उल्फा बाळाला खांद्यावर थोपटत राहिली. बाळ केव्हाच झोपलं होतं.

थोड्या वेळानं मलाक दोन्ही हातांनी वाडगा सांभाळत आली. घासूनपुसून लख्ख, आणि काठोकाठ बदाम. उल्फानं बदाम ओट्यावर ओतले. वाडगा उलटा केला. हातानं बदाम पसरून पाहिले. कागद नव्हता.

मलाकही टाचा उंचावून बघत होती.

"उम्मी, हाज्जांनी आपला कागद ठेवून घेतला. त्यांना आवडला म्हणून का?"