वेदन आणि संवेदन

चमचा ओठांशी आला आणि तिथंच थांबला. बाबासोंनी तोंड उघडलं, मऊ भात गिळला आणि पुढच्या घासाची वाट पाहत पट्टीआड पडून राहिले.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला चार दिवस झाले होते. दोन्ही डोळे बांधलेले, डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या. मान हलवायची नाही. पण आतला अंधार काळा नव्हता. त्यात रंग यायचे. कधी नेसरीच्या रानात उसाच्या तुऱ्यांवर पसरलेला पांढुरका उजेड, कधी हळदीसारखं पिवळं पाणी आणि त्यातून आवाज न करता चालणारी माणसं. जाग कुठं संपते आणि झोप कुठं लागते, हे त्यांना आताशा कळेनासं झालं होतं. रस्त्यावरच्या टांग्याच्या टापासुद्धा त्या पाण्यावरून चालत येत आणि विरून जात.

उशाशी धाकटी लेक राजमती पुस्तक वाचत होती. सोमवारी तिचा मानसशास्त्राचा पेपर होता. दिवस मावळायच्या आत बाबासोंचं जेवण उरकायचं म्हणून ती म्हणाली होती, “आज आयाबाई भरवतील, मी वाचतो.”

“आज आयाबाई लई गप हाइत,” बाबासो म्हणाले. एरवी वॉर्डातली ही आया सगळ्या खाटांना ऐकू जाईल असं बोलायची.

“घसा बसलाय त्यांचा,” राजमती घाईनं म्हणाली आणि पुढं वाचू लागली. “वेदन आणि संवेदन.”

“वेदना?”

“वेदना न्हाय आप्पा, वेदन. डोळ्याला, कानाला, कातडीला नुसतं जाणवतं ते वेदन. ते काय हाय हे मनाला उमगलं की संवेदन.”

“म्हंजे?”

“कानावर टापा आल्या, हे वेदन. टांगा चाललाय हे कळलं, की संवेदन.”

“डोळं बांधलं असलं तरी?”

“तरी बी.”

चमचा पुन्हा आला. ओठांना लागण्याआधी त्यावरून एक हलकी फुंकर गेली. भात तर केव्हाच निवला होता.

बाबासोंनी तोंड उघडायला उशीर केला.

पिवळ्या पाण्यातून आता एक परकरी पोर चालत येत होती. आई गेल्यावर तिनं लहानग्या राजमतीला असंच भरवलं होतं, निवलेल्या पेजेवरही फुंकर घालून. बाबासोंना विषमज्वर झाला तेव्हा त्यांनाही. थोरली पद्मावती. तीन वर्षांपूर्वी तिनं चंदगडच्या एका परजातीतल्या मास्तराशी लग्न केलं. “पुन्हा तुझं तोंड बघणार न्हाय,” असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं होतं. त्यानंतर घरात तिचं नाव निघालं नव्हतं.

त्यांनी घास घेतला.

नर्स आली, नाडी पाहिली. “उद्या सकाळी पट्टी सोडायची हं, बाबासो. मग सगळं लख्ख दिसेल.”

ती गेली. वाटी स्टुलावर ठेवल्याचा आवाज झाला. पदराच्या टोकानं कुणीतरी त्यांची हनुवटी पुसली. मग पायांशी दोघींची कुजबुज. ‘सहाची गाडी’ एवढंच ऐकू आलं. पिशवीचे बंद करकरले. बांगड्या वाजू नयेत म्हणून कुणीतरी हात धरून चालत असावं, तशी पावलं दाराकडं निघाली.

“राजू,” बाबासो म्हणाले.

पावलं थांबली.

“भातावर फुंकर मारलेली कळली, तर ते काय?”

“वेदन,” राजमती म्हणाली.

“आणि कुणाची ते कळलं तर?”

राजमतीच्या हातातलं पान उलटल्याचा आवाज अर्ध्यातच थांबला.

“फुडचा धडा कुठला?” त्यांनी विचारलं.

“स्मरण... आणि विस्मरण.”

“तू दमलीस. आता पद्मीला वाचू दे.”

वॉर्ड एकदम लांब गेल्यासारखा झाला. बऱ्याच वेळानं पिशवी जमिनीवर टेकली. मग स्टूल करकरलं आणि पुस्तक या हातातून त्या हातात गेलं. वाचायला सुरुवात झाली, पण पहिल्याच ओळीत आवाज अडला. पुन्हा तीच ओळ, पुन्हा तिथंच.

बाबासोंचा हात घोंगडीवरून चाचपडत गेला. काचेच्या गार बांगड्यांना लागला आणि तिथंच राहिला.

“सावकाश वाच,” ते म्हणाले. “डॉक्टरांनी मला डोळ्यांत पाणी आणू नको म्हणून सांगितलंय.”

ती सावकाश वाचू लागली. शब्द समजत होते, न समजत होते. पट्टीआड पाणी पिवळं होत होतं, मग केशरी. खाली रस्त्यावर एक टांगा येऊन थांबला. वाचणं अडखळलं.

“मास्तर बरं हाइत न्हवं?”

“व्हय, आप्पा.”

“मग सहाची गाडी जाऊ दे,” बाबासो म्हणाले. “सकाळी पट्टी सुटली की बघू.”