गडूभर पाऊस

"धुरपताबाई, हे काय करायलाव?"

तात्यारावांचा आवाज मुळातच लहान. त्यात म्हाताऱ्या बाईवर ओरडायचं म्हटल्यावर तो आणखीच बसला. तारेच्या कुंपणाच्या आत, पर्जन्यमापकाच्या ओट्याशी धुरपताबाई उकिडवी बसली होती. हातातला पितळी गडू तिने नरसाळ्यावर उपडा धरला होता. शेवटचा थेंब निथळेपर्यंत ती हलली नाही. मग ओट्याला बोटं लावून ती कपाळाला टेकवली आणि मान वळवून म्हणाली, "वरडू नगा. देवाचं काम चाललंय."

तात्याराव तिथेच ओट्याच्या कडेवर बसले. त्यांना आधी राग यायला हवा होता, पण आधी सुटल्यासारखं वाटलं. कालचा अख्खा दिवस त्यांनी स्वतःवर संशय घेण्यात घालवला होता.

त्र्याहत्तर सालचा मे महिना होता. पाथरी रस्त्यावरच्या सरकारी बियाण्याच्या शेतावर एक लहानशी वेधशाळा होती आणि तात्याराव तिचे एकवीस वर्षांपासूनचे निरीक्षक. गाव त्यांना 'पाऊसवाले' म्हणायचं. काम साधं. सकाळी साडेआठला पर्जन्यमापक उघडायचा, बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं, डोळा पाण्याच्या रेषेला आणून आकडा वाचायचा. प्रत्येक आकडा तात्याराव दोनदा वाचत आणि तरीही तिसऱ्यांदा बघावंसं वाटे. काल सकाळी मात्र मोजपात्रात अठरा पूर्णांक चार मिलिमीटर पाणी निघालं होतं. आभाळ निरभ्र, ओट्याभोवती पायाखाली फुफाटा. रात्री आपण झोपेत पाऊस ऐकला नाही की काय, म्हणून त्यांनी बायकोला, कुसुमबाईंना विचारलं, गुराख्याला विचारलं, पत्र्यावर चढून बघितलं. मग एकवीस वर्षांत पहिल्यांदाच पावसाचा रकाना कोरा ठेवला. आज म्हणूनच ते दहा मिनिटं आधी आले होते.

"कशाचा देव, बाई? पाऊस मोजायचा डबा हाय ह्यो."

"ठावं हाय मला. समदा पाऊस ह्याच्याच पोटात जातोय न्हवं?" धुरपताबाई पदर सावरत म्हणाली. "देवळातला महादेव कोंडायचा तर गाभारा भरायला पायजे. गावात हाय का तेवढं पानी? ह्यो तुमचा महादेव ल्हान हाय. गडूभर पान्यात बुडतोय. अकरा दिस घालीन म्हनलंय. आजचा दुसरा."

पाऊस पडेना की महादेवाची पिंड पाण्यात बुडवून गाभाऱ्याचं दार बंद करायचं, देव गुदमरला की पाऊस पाठवतो, ही रीत तात्यारावांनाही ठाऊक होती. ओट्यात रोवलेला गोल डबा, त्याची पितळी कड, वरून ओतलं की आत गडप होणारं पाणी. त्यांनी इतक्या वर्षांत या डब्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं.

"मी इथं पाऊस लिहिला तर दुष्काळ सरला म्हणून उद्या तुमचं खडी फोडायचं सरकारी काम बंद होईल," ते हळूच म्हणाले.

"मंग नगा लिहू. मी देवाला घालायले, तुमच्या वहीला न्हाई."

डब्याला कुलूप होतं, पण नरसाळ्याला कुलूप कसं घालणार? त्यांनी पाणी मोजलं आणि मोजपात्र तिच्यापुढे धरलं. "हे तरी घेऊन जा. टँकरच्या रांगेत दीड तास उभं राहून आणता."

"देवाचं परत नेत्यात व्हय? शिकलेलं मानूस तुमी!"

ते पाणी मग कुठे घालावं? पांढऱ्या झडपांच्या पेटीत दोन तापमापक शेजारी शेजारी होते. एक कोरडा. दुसऱ्याच्या फुग्याला मलमलीची चिंधी, आणि चिंधीचं टोक वाटीतल्या पाण्यात. हवा जितकी कोरडी, तितकं चिंधीतलं पाणी लवकर उडतं आणि ओला पारा तितका खाली बसतो. शुद्ध पाण्याची बाटली दोन महिने आली नव्हती, गाळलेल्या पाण्यावर काम चाललं होतं. तात्यारावांनी म्हातारीचं पाणी फडक्यातून गाळून त्या वाटीत घातलं आणि उरलेलं बाटलीत भरून ठेवलं.

"ह्या खुराड्यात काय मोजता?" धुरपताबाईने वाकून विचारलं.

"ऊन."

"सावलीत ठिवून?" ती बोळकं उघडून हसली. "या की खडीवर. तुमाला ऊन दावते."

मग रोजचंच झालं. म्हातारी यायची, गडू ओतायची, दोन शब्द टोचून कामावर जायची. तात्याराव साडेआठला पाणी मोजायचे. अठरा पूर्णांक दोन, अठरा पूर्णांक पाच. हात मोठा नेमका होता तिचा. नोंदवहीत मात्र शून्य पूर्णांक शून्य. पहिल्या दिवसाच्या कोऱ्या रकान्यातही त्यांनी शून्य भरलं. नोंद खोटी नव्हती, तरी सही करताना कुणाचं तरी काहीतरी आपण दडवतोय असं वाटे. मग घरच्या कॅलेंडरच्या पाठीमागे ते शिसपेन्सिलीने तिचे आकडे लिहून ठेवत. पुढे कित्येक वर्षं ते कॅलेंडर त्यांच्या ट्रंकेत होतं.

अकराव्या दिवशी सव्वाआठ झाले तरी ती आली नाही. कुंपणापलीकडून खडीच्या कामावरचे मुकादम दत्तराव सायकलवरून चालले होते. तात्यारावांना बघून ते उतरले.

"कुणाची वाट बघायलाव?"

"धुरपताबाई दिसली न्हाई."

दत्तरावांनी टोपी काढली. "काल दुपारी खडीवर चक्कर आली तिला. बैलगाडीत घालून पाथरीला न्यायलो होतो. वाटंतच गेली."

सायकल गेली. तात्यारावांनी नोंदवही उघडली. कालचं कमाल तापमान: त्रेचाळीस पूर्णांक सहा. अक्षर सुबक होतं. दोनदा वाचून लिहिलेलं होतं. सावलीतलं होतं.

ते वही मिटून घराकडे गेले. कुसुमबाई चुलीपुढे होत्या.

"गडूभर पाणी दे."

"प्यायला?"

"न्हाई."

कुसुमबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. घागरीत तळालाच पाणी होतं. त्यांनी घागर तिरपी करून गडू काठोकाठ भरला आणि पुढे केला.

तात्याराव ओट्याशी उकिडवे बसले. एकवीस वर्षांत त्यांनी त्या नरसाळ्यात धुळीचा कण पडू दिला नव्हता. गडू उपडा धरून ते शेवटचा थेंब निथळेपर्यंत थांबले. मग घड्याळात साडेआठ व्हायची वाट पाहिली.

साडेआठला त्यांनी डबा उघडला, पाणी मोजलं. वहीत शून्य पूर्णांक शून्य लिहून सही केली. पुन्हा मोजपात्र डोळ्यासमोर धरलं. सोळा पूर्णांक एक. तिसऱ्यांदा बघितलं तरी तेवढंच होतं.

म्हातारीचा गडू मोठा होता.