भातावरचे काळे तीळ

संहितानं आपणहून काही खायला मागितलं, त्याला चार महिने होऊन गेले होते. त्यामुळे त्या सकाळी तिनं फोन पुढे करून, "आई, हे करशील?" असं विचारलं, तेव्हा वसुमतीच्या हातातलं फडकं गळून पडलं. फोनवर कोरियन भाताचा वाडगा होता. भातावर गाजर, पालक, काकडी, मोड आलेले मूग, सगळं आपापली जागा धरून बसलेलं, आणि मधोमध अंडं.

जे. पी. नगरातल्या त्या घरात अंडं कधी शिरलं नव्हतं. वसुमतीला नकाशात कोरिया दाखव म्हटलं असतं, तर तिनं बोट भर समुद्रात ठेवलं असतं. पण जाड होण्याच्या धास्तीनं अन्न टाकून एकोणीस वर्षांची पोर काटकी झालेली. आज संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी कालच सांगितलेलं. अशा वेळी कोरिया काय आणि कोल्हापूर काय! वसुमतीनं पदर खोचला.

"तिखट स्वल्पच घाल," रघुपती ऑफिसला निघताना दारातून म्हणाले. बायकोच्या चेहऱ्यावर आशा बघून त्यांना आणखी बोलवेना.

दरेक भाजी वेगळी परतायची, एकीचा वास दुसरीला लागू द्यायचा नाही, असं फोनमधली बाई सांगत होती. यात नवीन ते काय, असं वसुमतीला वाटलं; सणाचं पान वाढतानाही हेच पाळायचं असतं. तिनं गाजराच्या बारीक काड्या केल्या, पालक उकळत्या पाण्यातून काढून घट्ट पिळला, ब्याडगी मिरच्या भिजवून गूळ घालून वाटल्या. हाताच्या सवयीनं भाताची वाटी वाडग्यात उपडी केली आणि मुदीभोवती भाज्या रचल्या.

अंड्याची जागा तेवढी मोकळी राहिली. ती तिच्या डोळ्यांना बरी दिसेना. बाईनं शेवटी तीळ भुरभुरवले होते. पांढऱ्या तिळांची बरणी रिकामी निघाली. मग घाईघाईत तिनं वरच्या फळीवरचा डबा काढला आणि चिमूटभर काळे तीळ मुदीवर टाकले.

संहिता खोलीतून उठून टेबलाशी येऊन बसली होती. "छान दिसतंय," ती म्हणाली. तिनं चमचा थेट मधल्या मुदीत घातला आणि भरून उचलला.

तेव्हा वसुमतीनं नीट पाहिलं. पांढऱ्या भाताचा गोळा आणि त्यावर काळे तीळ. तो डबा सासूबाईंच्या श्राद्धाचा होता. त्यातले तीळ कधी खाण्यात येत नसत. महिन्यापूर्वीच रघुपतींनी त्यातूनच पिंडांना तीळ घेतले होते.

"थांब," म्हणत तिनं पोरीचं मनगट धरलं. ते इतकं बारीक झालं होतं, की तिची बोटं एकमेकांवर चढली.

संहितानं चमच्याकडे पाहिलं, मग आईकडे. "जास्त घेतलं का मी?"

"नाही गं बाळा. ते तीळ..."

"तिळांचं काय?"

पिंड हा शब्द या पोरीसमोर वसुमतीनं उच्चारायचा कसा? "काही नाही. खा तू. खा गं."

पण संहिताचे डोळे आता चमच्यातली शितं मोजत होते. तिनं चमचा सावकाश वाडग्यात ठेवला. "जास्तच होतं, आई. बरं झालं तू थांबवलंस."

ती उठून खोलीत गेली. वसुमतीला आपली जीभ हासडून टाकावीशी वाटली. तिनं नवा भात लावला, नवा वाडगा रचला, तीळ न घालता. तो घेऊन ती तासभर बंद दाराशी बसली. आतून एकदाच आवाज आला, "नको ना, आई."

संध्याकाळी रघुपतींनी हॉस्पिटलची बॅग भरली. टॉवेल, दोन गाऊन, जुने रिपोर्ट. वसुमती स्वयंपाकघरात पहिला वाडगा पुढ्यात घेऊन बसली होती. भात गार होऊन घट्ट झाला होता. तिनं तो सगळा कालवला आणि शेवटच्या शितापर्यंत खाल्ला.

भात चांगला झाला होता. तिळांना नुसती तिळांचीच चव होती.