उलटा ठोकलेला फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे, शाळेतल्या फळ्याला निदान सुट्ट्या तरी असतात. मी बसथांब्यावरचा फळा. सध्या चहाच्या टपरीच्या बाजूला असतो आणि माझ्या अगदी समोर, रंगवलेल्या लोखंडी खांबावर, तो बसलेला असतो. तो म्हणजे दिव्यांच्या अक्षरांचा नवा बोर्ड. त्याच्याबद्दल चांगलं बोलायला माझी जीभ रेटत नाही, पण त्याच्याशिवाय माझी गोष्ट पुरी होत नाही, म्हणून नाइलाज आहे.

माझा जन्म एका पाडलेल्या गोदामाच्या दारातून झाला. सुताराने दाराच्या धड फळ्या निवडल्या, रंधा मारून त्या गुळगुळीत केल्या आणि मागून दोन पट्ट्या ठोकल्या. मग रंगारी आला. त्याने काळ्या रंगाचे हात दिले आणि माझ्या माथ्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने झोकात लिहिलं, ‘गाड्यांच्या वेळा’. लिहून झाल्यावर मान तिरकी करून तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “काय रुबाब आहे गड्याचा!” सुतार म्हणाला, “रुबाब राहू दे. पावसात टिकला म्हणजे झालं.” मी टिकलो. रुबाबही बरेच दिवस टिकला.

आमच्या थांब्याची एक गंमत आहे. थांब्याच्या पलीकडे ओढा आहे आणि ओढ्यावर बुटका पूल. ओढ्याला पाणी बेताचं असलं की गाडी पुलावरून येते आणि आमच्या शेडपुढे थांबते. पुलावरून पाणी गेलं की मात्र ती टेकडीवरच्या रस्त्याने वळसा घेते आणि वरच्या फाट्यावर थांबते. शेडपासून फाट्यापर्यंत चांगली दमछाक करणारी चढण आहे. गाडी कुठे येणार हे आधी कळलं नाही, तर धावून उपयोग होत नाही.

आणि ते सांगणारा मी होतो! सकाळी ओढ्याच्या काठाने, पुलावरचं पाणी बघत, सगळ्यांत आधी दूधगाडी येई. तिचा ड्रायव्हर जन्मापासून घाईत असावा, म्हणून सगळे त्याला घाईमामा म्हणत. त्या दिवशी गाडीची वाट कोणती हे तो गाडीचा वेग कमी न करता ओरडून सांगे, “मावशी, खाली!” किंवा “मावशी, वर!” मग टपरीवरची मावशी खडू पाण्यात बुडवून माझ्या पोटावर हातभर लांब बाण काढी. टोक खाली असलं तर इथेच थांबा, टोक वर असलं तर फाट्यावर चला. ओल्या खडूची रेघ वाळली की ठसठशीत उठते आणि सहजासहजी पुसली जात नाही. वेळा वाचता न येणारी माणसंही बाण बघून नीट गाडीला लागत.

माझं सगळ्यांत जास्त कौतुक करत असत ते एक म्हातारे गवंडी. सगळा थांबा त्यांना बाबा म्हणतो. ऊन आणि सिमेंटची धूळ खाऊन त्यांचा एक डोळा कामातून गेला होता आणि दुसऱ्यात मोतीबिंदू उतरत होता. ते माझ्यापुढे उभे राहत आणि म्हणत, “अक्षरं आता मुंग्यांसारखी दिसतात, पण बाण दिसतो. हा फळा माझ्याशी कधी खोटं बोललेला नाही.” हे ऐकलं की मी असा फुगायचो, की मागच्या पट्ट्यांचे खिळे सैल होतात की काय असं वाटे.

पण खरं सांगायचं तर गाड्यांची अवस्था वाईट होती. सकाळची गाडी चुकली की दिवस बुडाला. कधी गाडी रद्द होई आणि माणसं बिचारी दुपारपर्यंत रस्त्याकडे डोळे लावून बसत. बाबांची मुलगी घरी शिवणकाम करते. तिनेच पुढाकार घेऊन गावातल्या बायका गोळा केल्या आणि डेपोत जाऊन साहेबांच्या टेबलासमोर ठाण मांडलं. तिथून त्या दुपारची एक नवी गाडी घेऊनच परत आल्या. मला मनापासून आनंद झाला. पण गाडीच्या पाठोपाठ तो आला.

काय त्याचा थाट! खोक्यातून काढताना त्याच्या अंगावर पातळ प्लास्टिक होतं. फिटरने ते अलगद सोलून काढलं आणि तळहाताने त्याची काच पुसली. मग बटण दाबलं आणि त्याच्या तोंडावरून लाल अक्षरं पळायला लागली. लोक टाळ्या वाजवत होते. अक्षरं पळतात यात टाळ्या वाजवण्यासारखं काय आहे, हे मला अजून कळलेलं नाही. माझी अक्षरं एका जागी उभी राहायची, बघणाऱ्याची वाट बघायची. वर जो तो म्हणू लागला, “बोर्ड आला आणि गाड्या सुधारल्या.” गाडी डेपोने वाढवली, खटपट बायकांनी केली आणि शाबासकी याला! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मला खांबावरून काढताना माझी वरची कड चिरली. फिटर मला कचऱ्यात टाकणार होता, पण मावशी म्हणाली, “टाकू नका. माझ्या शेगडीला वारा लागतो, आडोसा होईल.” तिच्या दिराने मला टपरीच्या बाजूला ठोकायला घेतलं. चिरलेल्या कडेत खिळा बसेना, म्हणून त्याने मला सरळ उलटा केला. आता माझा माथा खाली आणि पाय वर.

“अहो भावोजी, उलटा झाला की,” मावशी म्हणाली.

“वहिनी, वाऱ्याला काय उलटं नि काय सुलटं?” असं म्हणत त्याने शेवटचा खिळा मारला.

माझ्या पोटावर शेवटच्या दिवसाचा बाण तसाच होता, खाली टोक असलेला. आता ते टोक वर झालं. पुसायचं कोणाला सुचलं नाही. माथ्यावरच्या माझ्या झोकदार अक्षरांपुढे रिकाम्या बाटल्यांचे क्रेट रचले गेले आणि उरलेल्या अंगावर मावशीने ताडपत्री टांगली. घाईमामानेही ओरडणं सोडलं. बाण काढायचाच नाही, तर सांगायचं कशाला?

त्या ताडपत्रीला एक भोक होतं. त्यातून मी दिवसभर त्यालाच बघत असे. कोण त्याच्यापुढे थांबतं, कोण मान वर करून हसतं, सगळं मोजून मनात धरून ठेवी. एका म्हाताऱ्या बाईने त्याला नमस्कारसुद्धा केला. त्या दिवशी मला काही गोड लागलं नसतं, खात असतो तर.

मग एकदा जोराचा पाऊस झाला. ओढा पुलावरून गेला, गाडी वरून वळसा घालून निघून गेली, आणि हा शहाणा आपला शेडखाली उभ्या असलेल्या माणसांना तासभर सांगत राहिला, ‘गाडी येत आहे’. त्याला वेळ कळत होती, ओढा कळत नव्हता. माणसं भिजली, चिडली. कोणीतरी म्हणालं, “त्यापेक्षा आपला फळाच बरा होता!” ताडपत्रीच्या आड मी इतका खूश झालो, की मला त्या भिजलेल्या माणसांची दयाही आली नाही.

आता ऐका, पुढे काय झालं ते. बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली. मोठ्या दवाखान्यात सकाळच्या गाडीनेच पोहोचायचं होतं. उशीर झाला तर नंबर दुसऱ्याला जाणार होता. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता. मावशीने भिजलेली ताडपत्री काढून दोरीवर वाळत घातली आणि ती घागर घेऊन शेडमागच्या नळावर गेली. कितीतरी दिवसांनी माझ्या अंगावर ऊन पडलं. तेवढ्यात बाबा आणि त्यांची मुलगी पिशव्या घेऊन घाईघाईने आले.

मुलीने बोर्ड बघितला. “बाबा, गाडी इथेच येतेय. बसा बाकावर.”

बाबांनी डोळे बारीक केले. त्यांना त्या लाल अक्षरांचा नुसता लाल धूर दिसत असणार. मग त्यांची मान वळली आणि ते माझ्याकडे बघू लागले. मित्रांनो, इतक्या दिवसांनी कोणीतरी त्याच्याकडे पाठ करून माझ्याकडे तोंड केलं! मी मनातल्या मनात त्याला म्हटलं, बघ. बघ नीट.

“बाण वर आहे,” बाबा म्हणाले. “फाट्यावर चल.”

“अहो पण बोर्डवर...”

“मागच्या पावसात त्याच बोर्डने माणसं भिजवली ना? फळा माझ्याशी खोटं बोललेला नाही. ऊठ, चल, उशीर करू नकोस.”

“शेडमध्ये माणसं थांबलीत की बाबा!”

“ती मागच्या वेळीही थांबली होती.”

मुलीने माझ्याकडे पाहिलं. माथ्यावरची अक्षरं क्रेटमागे होती. तिला दिसला तो फक्त बाण, पांढराशुभ्र, वर टोक केलेला. रात्रीचा पाऊस तिनेही ऐकला होता. तिने दोन्ही पिशव्या एका हातात घेतल्या, दुसऱ्या हाताने वडिलांचा दंड धरला आणि दोघं चढणीला लागली. मी आनंदात होतो. माझा बाण मुळात खाली होता, मला उलटं ठोकलं आहे, हे त्या क्षणी माझ्या ध्यानातही आलं नाही. ध्यानात आलं ते पुलावर गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा.

ओढ्याला पाणी बेताचंच होतं. गाडी आली, शेडपुढे थांबली. कंडक्टरने बाहेर वाकून विचारलं, “आणखी आहे का कोणी?” मला ओरडायचं होतं. वर बघा, चढणीवर बघा, एक म्हातारा माणूस आणि त्याची लेक आहे. पण फळ्यावर जे लिहिलेलं असतं त्यापलीकडे फळ्याला बोलता येत नाही, आणि माझ्यावर खोटं लिहिलेलं होतं. कंडक्टरने घंटी दिली. वरून मुलीची हाक आली, तिची ओढणी हलताना दिसली. गाडीतल्या कोणाला ती दिसली नाही.

दोघं परत खाली आली तेव्हा मावशी नळावरून आली होती. “अगंबाई, तुम्ही वर कशाला गेला होता?”

“फळ्यावर बाण होता,” बाबा म्हणाले.

मावशीने माझ्याकडे पाहिलं आणि घागर खाली ठेवली. “तो उलटा ठोकलाय हो, बाबा.”

 मुलगी उसळली. “मी सांगत होते ना! तुम्ही माझं कधी ऐकताय का?” मग तीच तोंड फिरवून रडू लागली. बाबा चाचपडत बाकावर बसले आणि हळूच म्हणाले, “चुकलं, पोरी.” चूक त्यांची नव्हती. समोर तो लाल अक्षरांनी पुढच्या गाडीची वेळ सांगत होता, अगदी बरोबर. त्या दिवशी त्याच्यावर जळायलाही मला तोंड उरलं नाही.

ऑपरेशन पुढे गेलं, बरंच पुढे. मुलगी हातावर हात धरून बसणारी नव्हती. ती पुन्हा डेपोत गेली आणि या वेळी तिथल्या मॅडमना सोबत घेऊनच आली. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. “हा आधी काढून टाका.”

“फळ्याचं काय चुकलं?” मुलगी म्हणाली. “त्याच्यावरचं आम्ही पुसलं नाही. मीही इथून जात-येत होते, ताडपत्री उचलून बघायचं मला तरी कुठे सुचलं? आणि तुमच्या बोर्डला ओढा कळत नाही, त्याचं काय करताय ते सांगा.”

 मॅडमनी घाईमामाची गाडी हात करून थांबवली आणि त्याचा मोबाइल नंबर घेतला. तेव्हापासून घाईमामा पुलावरचं पाणी बघितलं की डेपोत फोन करतो, आणि बोर्डवर अक्षरांच्या आधी एक मोठा बाण उजळतो. वर किंवा खाली. माझा बाण, मित्रांनो! माझ्याकडे उरलेली एकुलती एक गोष्ट, तीही त्याच्याकडे गेली. मला वाईट वाटलं. फार वाटलं. ते लपवून काय करू?

मुलीने मावशीकडून ओलं फडकं घेतलं आणि जोर लावून मला पुसलं. जुना खडू निघता निघत नव्हता. मग मावशीच्या दिराने खिळे उपसून मला सुलटा केला आणि चिरलेल्या कडेला पट्टी मारली. आता वीज गेली की मावशी माझ्यावर बाण काढते आणि गाडी हलली की लगेच पुसते. बाकी वेळ मी कोरा असतो.

शेवटी बाबांचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून ते गाडीतून उतरले आणि पहिल्यांदा कोणाकडे बघितलं असेल? त्याच्याकडेच! एकेक अक्षर मोठ्याने वाचलं, बाण बघून “वा!” म्हणाले. मी दुसरीकडे बघायचा प्रयत्न केला, पण फळ्याला मान वळवता येत नाही. मग ते टपरीपाशी आले, माझ्यापुढे उभे राहिले, आणि माझ्या अंगावरून हात फिरवला.

“एवढासाच होतास होय रे?” ते म्हणाले. “मला केवढा मोठा वाटायचास.”

मित्रांनो, तुमच्या गावच्या थांब्यावर माझ्यासारखा एखादा फळा असेल, कागद चिकटवलेला असेल, नाहीतर त्याच्यासारखा चकचकीत बोर्ड असेल. त्याला रंग द्या, धूळ झटका, पण त्याहून आधी एक करा. त्याच्यावर लिहिलेलं अजून खरं आहे का ते बघा, आणि नसेल तर पुसून टाका. त्याच्यावर विश्वास ठेवून कोणीतरी चढण चढायला निघत असतं.

बाबा आता अधूनमधून गाडीने जातात. निघण्यापूर्वी ते मावशीकडून फडकं मागून घेतात आणि मी कोरा असलो तरी मला एकदा पुसतात. समोरचा तो खांबावरून सगळं बघत असतो. इतका उंच बसवलाय त्याला, की पहिल्या दिवसानंतर त्याच्या अंगावर कोणाचा हात फिरलेला नाही. जळू दे आता त्यालाही थोडं.