रिकाम्या मशीनचा खुलासा

वाघिणीला हात उचलायला तुम्ही लावलंत, साहेब. आणि आता चौकशीच्या कागदावर लिहिताय, ‘सिस्टरचा संयम सुटला.’

मी तळघरातल्या लाँड्रीत एकोणीस वर्षं हॉस्पिटलच्या चादरी धुतो. सगळ्यात जुन्या मशीनला आम्ही म्हैस म्हणतो. ती सुरू झाली की शेजारी उभ्या माणसाचंही बोलणं ऐकू येत नाही. गेल्या महिन्यात तुम्ही मला मेमो दिलात: हे मशीन अकरा वेळा रिकामं का फिरवलं? तेव्हा मी खोटा खुलासा केला. हा खरा.

वाघीण म्हणजे भाजलेल्यांच्या वॉर्डातली सिस्टर. नाव वॉर्डबॉयनी पाडलं, कारण हात न धुता खाटेजवळ गेलेल्या मोठ्या डॉक्टरलाही ती मागे हाकलायची. चार वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा खाली आली ती माझ्याशी भांडायला. फाटक्या चादरी वर पाठवल्या म्हणून.

“डोळे फुटलेत का तुमचे, दादा? ही चादर आहे की जाळं?”

आणि पुढचं वाक्य तिच्या तोंडातून येईना. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. घशातून जो आवाज आला तो मी ऐकला. दाराबाहेर सुपरवायझरचं टेबल. मी काही विचार केला नाही, म्हशीचं बटण दाबलं आणि दारात पाठमोरा उभा राहिलो. अठरा मिनिटं मशीन फिरलं. मग तिनं नळावर तोंड धुतलं.

“उद्या फाटकी चादर आली ना, तर तुम्हालाच गुंडाळून पाठवीन,” म्हणाली आणि गेली.

तिनं आणखी कुणाकुणाला सांगितलं असणार. बाकीच्या वॉर्डातल्या सिस्टर येऊ लागल्या. “दादा, म्हैस सोडा,” एवढंच म्हणायच्या. एकदा एक सहा फुटी डॉक्टर आला, त्याला तर तेवढंही म्हणता आलं नाही. मी कुणालाच कारण विचारलं नाही. त्या कुठं जाणार होत्या? नर्सेसच्या खोलीत तुम्ही जुन्या फायली भरल्यात. जिन्यात कॅमेरे लावलेत. आणि प्रत्येक मजल्यावर पाटी: ‘कर्मचाऱ्यांनी सदैव हसतमुख राहावे.’

तुम्ही मला केबिनमध्ये बोलावलंत तेव्हा मी म्हणालो, “मशीन मी माझ्यासाठी चालवलं. मला रडायचं होतं.”

“तुला? कशासाठी?”

“बायको गेली माझी.”

“कधी?”

“सहा वर्षं झाली.”

तुमच्या शेजारी बसलेले प्रशासनवाले फिसकन हसले. “मग आता काय काका, हप्त्याहप्त्यानं रडताय?”

तुम्हीही हसलात. हसण्याचं मला काही वाटलं नाही. बायको तुमच्याच तिसऱ्या मजल्यावर गेली. दुसऱ्या दिवशी ढिगात तिच्या खाटेची चादर आली, कोपऱ्यावर नंबर होता. मी ती धुतली, वाळवली, घडी घातली. मेहुणी सगळ्यांसमोर म्हणाली, “दगड आहे हा माणूस.” तुमच्यासमोर मी जे खोटं सांगितलं ते सहा वर्षांपूर्वीच खरं व्हायला हवं होतं, याचं मात्र मला त्या केबिनमध्ये फार वाटलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हशीच्या बटणांवर पत्र्याची पेटी बसवून कुलूप घातलंत.

मंगळवारी सकाळी अकराला वाघिणीच्या वॉर्डातली सात वर्षांची पोर गेली. पोरीच्या आईला तिनंच सांगितलं. ती बाई तिच्या गळ्यात पडून ओरडली, सगळा मजला थांबला. वाघीण कोरड्या चेहऱ्यानं उभी राहिली, तुमच्या पाटीखाली. पुढच्या तीन खाटांची औषधं देऊन साडेअकराला ती खाली आली.

“दादा, म्हैस.”

“कुलूप आहे, सिस्टर.”

“किल्ली?”

“साहेबांकडे.”

तिनं धुतलेल्या ढिगातला टॉवेल ओढला आणि तोंडात कोंबला. खांदे हलत होते, आवाज नाही. बाहेर सुपरवायझर खुर्ची सरकवत होता. मिनिटभरात तिनं टॉवेल मळक्या ढिगात टाकला आणि वर गेली. मी तिला थांबवलं नाही. हा माझा गुन्हा लिहून घ्या.

बारा वाजता एका माणसानं तिसऱ्यांदा विचारलं, “सिस्टर, पंखा जरा इकडं फिरवता का?” तिनं त्याच्या थोबाडीत मारली. त्याची काहीच चूक नव्हती, त्याचा बाप भाजून पडला होता. मी त्याच्या पाया पडून आलोय. तुमच्यापैकी कुणी गेलं होतं?

तुम्ही तिला घरी बसवलंत. रविवारी मी गेलो. दार तिच्या आईनं उघडलं. “पाच दिवस झाले, घासलेलीच भांडी घासतेय,” म्हणाली. वाघीण बाहेर आली, हात ओले.

“दादा, साहेबांसमोर माझं नाव का नाही घेतलंत?”

“तुमची नोकरी गेली असती.”

“आता काय राहिली?” ती हसली. “लिहा खरं काय ते. माझं नाव येऊ दे, वाघीण लिहिलंत तरी चालेल. बाकीच्या पोरींचं नाव मात्र नको.” मग म्हणाली, “आणि तुमच्या बायकोचं सांगितलंत, ते?”

“गेली ते खरं. रडलो ते खोटं.”

ती आईला म्हणाली, “आई, तू जरा शेजारी बसून ये.” दार तिनं उघडंच ठेवलं. “इथं आवाज झाला तरी चालतो, दादा.”

पुढचं तुमच्या कामाचं नाही. मला घरी पोचायला दुपार उलटून गेली, एवढं लिहितो.

गुरुवारी तिची चौकशी आहे. हात का उचललास, असं तुम्ही विचाराल. ती सांगेल, ती कुणाला भीत नाही. पण त्याआधी तुम्ही सांगा. लेक गेली हे एका आईला सांगून झाल्यावर, सकाळी साडेअकराला, तुमच्या या सहा मजली इमारतीत सिस्टरनं कुठं जायचं होतं? मजला सांगा. खोलीचा नंबर सांगा. लेखी द्या.