तोंडावरचा हात

"हिला काही कळत नाही, बिनधास्त बोल," असे मंडळाचे अध्यक्ष माझ्या दादाला म्हणाले, तेव्हा मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला भिंतीलगतच्या खुर्चीत बसले होते. तिसऱ्या वर्षी तापात माझे कान गेले. पण आपल्या भाषेतले ओठ मला वाचता येतात, आणि अध्यक्षांना मिशी नाही, ही काही माझी चूक नव्हे.

ओठ वाचायला दादानेच शिकवले. शाळेने मला नको म्हटले, तेव्हा तो मला समोर बसवायचा, हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवायचा आणि एकेक शब्द चावून चावून बोलायचा. पुढे पोटापाण्यासाठी तो या देशात आला आणि आई गेल्यावर मलाही घेऊन आला. इथे उतरले आणि मी दुसऱ्यांदा बहिरी झाले. रस्त्यात, दुकानात, दवाखान्यात सगळ्यांचे ओठ हलत होते, पण त्यातला एकही शब्द माझ्या ओळखीचा नव्हता. आपली म्हणवणारी माणसे मंडळात भेटत. त्यांच्या बायका माझ्याविषयी बोलताना तोंडावर हात धरत. वहिनीही तशीच. दादाने मात्र माझ्यासमोर कधी तोंड झाकले नाही. जांभईसुद्धा तो उघडीच द्यायचा.

मग मी एका हॉटेलच्या लाँड्रीत लागले. तिथे यंत्रांच्या धडधडाटात ऐकणारेही हातवारेच करतात, त्यामुळे मला कोणी वेगळे समजत नाही. चादरीचे दुसरे टोक धरणारी बाईही बहिरी आहे. तिला मी मनात घडीवाली म्हणते. इथल्या बहिऱ्यांच्या खुणा तिने मला जेवणाच्या सुट्टीत शिकवल्या. परवा तिने विचारले, माझ्याकडे एक खोली रिकामी आहे, येतेस का? मी हो म्हटले. दादाला कसे सांगायचे, हे मात्र सुचत नव्हते.

इकडे मंडळाला समाजातल्या अपंगांसाठी केंद्र काढायचे होते. सकाळी गाडीत भरून न्यायचे, दिवसभर बसवून ठेवायचे, संध्याकाळी परत पोचवायचे. आज नगरपालिकेच्या बाई चौकशीला येणार होत्या आणि दाखवायला मी एकटीच होते. बाकीच्यांना घरच्यांनी आतल्या खोलीत ठेवले आहे, नाहीतर धाकट्या बहिणींची लग्ने अडतात.

"कामाला जाते म्हणून सांगू नकोस," अध्यक्ष म्हणाले. "मग केंद्र कशाला हवं, असं विचारतील. नोकरी सोडवून टाक तिची."

"सोडेल," दादा म्हणाला. "माझ्या शब्दाबाहेर नाही ती."

असले बोलणे बाकीचे कानामागे टाकतात. मला डोळ्यांमागे टाकता येत नाही. अंगाचा तिळपापड झाला, पण मी बसून राहिले.

बाई आल्या त्या खुणांची दुभाषी घेऊनच. तशी कोणी असते, हेच मंडळाला ठाऊक नव्हते. बाईंनी विचारले आणि दुभाषीचे हात माझ्याकडे वळले: केंद्रात यायला आवडेल का? मी हात उचलण्याआधीच दादा मध्ये पडून इथल्या भाषेत बोलू लागला. त्याला वाटले, झाले काम. पण समोर जो जे बोलेल ते खुणांत सांगायचे, हे दुभाषीचे कामच असते. तिने सांगितले, "भाऊ म्हणतात, ती घाबरट आहे, घराबाहेर पडत नाही, तिला काही समजत नाही."

मी तिला म्हटले, "खोटं आहे. मी कामाला जाते. राहायला खोली बघितली आहे. मी केंद्रात बसणार नाही. ज्यांना घरात कोंडलंय, त्यांची दारं उघडा आणि त्यांनाच विचारा, काय हवंय."

दुभाषीने ते मोठ्याने सांगितले असावे, कारण हॉलमधले सगळे ओठ मिटले. बाई निघून गेल्या. अध्यक्ष दादाकडे वळले. "अस्तनीतला निखारा निघाली तुझी बहीण," ते म्हणाले. या वेळी त्यांनीही तोंडावर हात धरला होता, पण उशिरा.

घरी आल्यावर मी दादासमोर जाऊन बसले, लहानपणी बसायचे तशी. त्याने काहीही म्हणावे, शिव्या द्याव्यात, मला चालणार होते. हनुवटी मीच वर केली.

त्याने माझ्याकडे पाहिले. मग उजवा हात तोंडावर धरला आणि वहिनीला काहीतरी सांगू लागला. बराच वेळ सांगत होता.